उलटं चालणारं घर आणि माझं खोडलेलं वाक्य

मागच्या वर्षी माझ्या एका प्रकरणाच्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘अंटार्क्टिक स्नो क्रूझर हा प्रयोग पूर्णपणे अपयशी ठरला.’ मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहून परत पाठवलं, ‘कशात अपयशी?’ मला आधी रागच आला. गाडी चालली नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे! पण त्या दोन शब्दांनी माझे पुढचे चार महिने खाल्ले. तुमच्यापैकी जे आत्ता संशोधन प्रस्ताव लिहायला बसले आहेत त्यांच्यासाठी ती गोष्ट सांगतो.

आज मोटरहोम घेऊन लोक ऐन बर्फात मुक्काम करतात. टाकीतलं पाणी गोठू नये, रात्री हीटर चालू राहावा, आणि त्या हीटरच्या धुरानं आपण झोपेत मरू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. हेच तीन प्रश्न १९३४ साली अंटार्क्टिकात रिचर्ड बर्ड या अमेरिकी दर्यावर्दी अधिकाऱ्यासमोर होते. मुख्य तळापासून जवळपास २०० किलोमीटर आत, बर्फात पुरलेल्या एका खोपट्यात तो एकटाच हवामानाच्या नोंदी घेत राहिला होता. शेगडी आणि जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं तो अंथरुणाला खिळला. त्याच्यापर्यंत पोचायला थॉमस पोल्टर आणि सोबत्यांना ट्रॅक्टर घेऊन तीनदा निघावं लागलं. ऑगस्टमध्ये, ध्रुवीय हिवाळ्यात, ते एकदाचे पोचले.

हा पोल्टर भौतिकशास्त्रज्ञ, त्या मोहिमेचा शास्त्रीय प्रमुख. परत गेल्यावर शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधन संस्थेत त्यानं जे आरेखन केलं ते म्हणजे आपली स्नो क्रूझर. सुमारे १७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, भरल्यावर ३४ टनांच्या आसपास. प्रत्येक चाक ३ मीटर उंच. आत झोपायची खोली, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा, अगदी फोटो धुवायची अंधारखोलीसुद्धा. आणि छतावर चक्क एक छोटं विमान. दोन डिझेल इंजिनं वीज तयार करणार आणि चार चाकांतल्या चार मोटरी ती वापरणार. बर्फातली भेग ओलांडताना चाकं वर ओढून घ्यायचीही सोय होती.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र साधा आहे. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी सगळ्या घरातून फिरवलेलं होतं. म्हणजे उष्णता आत येते, धूर येत नाही. रात्री हलकं पांघरूण पुरायचं. १९३४ चं ते धुरानं भरलेलं खोपटं पोल्टरच्या डोळ्यासमोर असणार, असं मला वाटतं. पण लक्षात घ्या, हा माझा तर्क आहे, आणि प्रबंधात तो तर्क म्हणूनच लिहावा लागतो. ‘यानंतर ते झालं’ आणि ‘यामुळे ते झालं’ यांत मोठं अंतर आहे. तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच पकडतात.

गाडी अवघ्या ११ आठवड्यांत बांधली, १९३९ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. महिने पाहिलेत ना? बर्फावर चाचणी घ्यायला बर्फ होतंच कुठे! शिकागोहून बोस्टनच्या बंदराकडे जाताना ओहायोमध्ये ती एका छोट्या पुलावरून ओढ्यात घसरली आणि तीन दिवस तिथेच अडकली. जानेवारी १९४० मध्ये अंटार्क्टिकात उतरली तेव्हा खरी फजिती झाली. टायर गुळगुळीत होते, नक्षी नसलेले, मुळात दलदलीसाठी विकसित केलेले. ते बर्फात जवळजवळ मीटरभर रुतून जागेवरच गरगरायला लागले. मग जादा दोन टायर पुढच्या चाकांना जोडले, मागच्यांना साखळ्या बांधल्या. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की उलटी चालवली तर बरी चालते. तिचा सगळ्यात लांब प्रवास १४८ किलोमीटरचा, आणि तो अख्खा रिव्हर्समध्ये.

इथवर वाचून कुणीही ‘अपयश’च लिहील. मीही लिहिलं. पण मी फक्त ‘वाहन’ म्हणून नोंदी वाचत होतो. पुढचं वाचलं नव्हतं, कारण गाडी थांबली की माझ्या दृष्टीनं गोष्ट संपत होती. माणसं मात्र तिथेच राहत होती. गाडीभोवती लाकूड आणि बर्फाचं आवरण रचून त्यांनी तिचं घर केलं, आणि भूकंपशास्त्रीय प्रयोग, वैश्विक किरणांची मोजमापं, बर्फाचे नमुने ही कामं तिथून केली. थंडीत माणसाला जगवायचं, हे पोल्टरचं अर्धं उद्दिष्ट पूर्ण झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली पैसा आटला आणि १९४१ च्या सुरुवातीला मोहीम गुंडाळली गेली.

त्यानंतरचा धागा तर मला अपेक्षितच नव्हता. १९५८ मध्ये एका पथकानं बांबूच्या खुणेवरून जागा हेरून बुलडोझरनं उकरलं, तर गाडी सुमारे ७ मीटर बर्फाखाली. आत मासिकं, कागद, सिगारेटी तशाच पडलेल्या. पथकानं थेट चाकांच्या तळापर्यंत खणलं. का? तर गाडी सोडल्याचं साल माहीत होतं. म्हणजे तेवढ्या वर्षांत बर्फ किती साठलं ते मोजता येत होतं. जी चालली नाही ती गाडी, न चालल्यामुळेच, मोजपट्टी झाली. (आपल्या ‘दक्षिण गंगोत्री’ तळालाही बर्फानं असंच गिळलं आणि १९९० मध्ये तो सोडावा लागला. अंटार्क्टिकाचं काम करायचं असेल तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय केंद्र आहे, हे विसरू नका.)

तेव्हा तुमच्या प्रस्तावात ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ असे शब्द दिसले की पुढे कंसात लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या सालापर्यंत. कंस भरता आला नाही तर शब्द काढून टाका. मी माझं वाक्य खोडलं, आणि प्रकरण १९४० ऐवजी १९५८ ला संपवलं. त्यासाठी बर्फाच्या थरांचं शास्त्र नव्यानं शिकावं लागलं, वेळापत्रक कोलमडलं, घरून ‘अजून किती?’ हेही ऐकून झालं.

गाडी आता कुठे आहे विचाराल तर, त्या भागातल्या हिमस्तराचा मोठा तुकडा १९६० च्या दशकात तुटून समुद्रात गेला. एक तर ती तळाला आहे, नाही तर अजूनही बर्फाखाली उभी आहे.