प्लेट रोलिंग मशीन घेताय? कोटेशनवरच्या एका आकड्यावर जाऊ नका

बेळगावच्या उद्यमबागेत असो, कोल्हापूरच्या शिरोलीत असो की गोव्यातल्या वेर्ण्यात, फॅब्रिकेशनचा गाळा चालवणाऱ्याला हा टप्पा एकदा येतोच. कटिंग आपल्याकडे, वेल्डिंग आपल्याकडे, पण प्लेट गोल करायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. तिथे नंबर लावायचा, टेम्पोचं भाडं भरायचं आणि शेल परत आला की सांधा जुळत नाही म्हणून घण घेऊन बसायचं. शेवटी ठरतं, आपलंच मशीन घेऊ. तीन-चार कोटेशनं येतात. प्रत्येकावर ठळक आकडा असतो, '२५०० × १२'. म्हणजे अडीच मीटर रुंद, बारा मिमी जाड. ज्याचा भाव कमी, त्याला ॲडव्हान्स जातो.

चूक इथेच होते. तो आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. कुठल्या मालाची बारा मिमी? किती व्यासाला? टोकांना बाक देऊन की न देता? ही तीन उत्तरं त्या आकड्यात नसतात. मशीन एकदा फाउंडेशनवर बसलं की परत करता येत नाही, आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याला येतोच.

आधी आपलं काम कागदावर मांडा

मशीन बघायला जाण्यापूर्वी मागच्या वर्षभराची बिलं काढा. कुठल्या जाडीचे, किती व्यासाचे, किती रुंदीचे शेल बाहेरून करून आणले, ते लिहा. काम गावागणिक बदलतं. बेळगाव-चिकोडी-कोल्हापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या टाक्या, डक्ट, चिमण्या आणि उपसा सिंचनाचे पाइप असतात. वडोदऱ्यात केमिकल कारखान्यांची प्रेशर व्हेसल्स, हैदराबादच्या जिडीमेटला भागात औषध कंपन्यांचं स्टेनलेसचं काम, गोव्यात बार्ज आणि जहाजांची दुरुस्ती. एकाला जे मशीन सोन्यासारखं, ते दुसऱ्याला डोकेदुखी ठरतं.

यादीत चार गोष्टी हव्यात: सगळ्यात जाड प्लेट, सगळ्यात पातळ पत्रा, सगळ्यात लहान व्यास आणि माल कोणता. शिवाय दहातली आठ कामं कोणत्या मापाची, ते वेगळं लिहा. मशीन त्या आठ कामांसाठी घ्यायचं. वर्षातून एकदा येणारी जाड प्लेट बाहेर पाठवलेली बरी.

'बारा मिमी' म्हणजे कोणते बारा मिमी?

प्लेट वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मिमीवरून १२ मिमीवर गेलं तर जाडी वीस टक्के वाढली असं वाटतं, पण जोर ४४ टक्के जादा लागतो. ८ वरून १६ वर गेलं तर चौपट. म्हणून 'दोन मिमीनं काय होतंय' असं म्हणून मशीन दामटणारा शेवटी रोल वाकवून बसतो.

दुसरी गोष्ट माल. नेहमीची आयएस २०६२ ची ई२५० प्लेट घेतली तर तिची यील्ड स्ट्रेंग्थ २५० मेगापास्कलच्या आसपास धरली जाते. बहुतेक कोटेशनमधली क्षमता अशा साध्या माइल्ड स्टीलवरच सांगितलेली असते. तीच प्लेट ई३५० ची आली तर जोर ४० टक्के जादा लागतो. म्हणजे ई२५० ची १२ मिमी घेणारं मशीन ई३५० ची साधारण १० मिमीच घेईल.

तिसरी गोष्ट व्यास. वरच्या रोलपेक्षा लहान शेल होऊच शकत नाही, हे उघड आहे. पण रोलच्या मापाचाही होत नाही, कारण दाब सुटला की प्लेट थोडी उलगडते. शिवाय पूर्ण जाडीची, पूर्ण रुंदीची प्लेट घेऊन रोलच्या जवळच्या व्यासाला जाता येत नाही. पूर्ण क्षमतेचा आकडा बहुधा वरच्या रोलच्या तीन ते पाच पट व्यासासाठी दिलेला असतो. त्यामुळे 'वरचा रोल किती मिमीचा आणि पूर्ण जाडीला लहानात लहान व्यास किती' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रुंदी कमी केली तर? अर्ध्या रुंदीची प्लेट दुप्पट जाड चालेल, हा हिशोब साफ चुकतो. अरुंद प्लेटचा सगळा भार रोलच्या मधोमध येतो आणि रोल तिथेच लवतो. जाडी थोडीच वाढवता येते. किती, याचा तक्ता उत्पादकाकडून मागून घ्या.

सपाट टोकांचं दुखणं

शेलचा सांधा जुळत नाही, त्याचं मूळ इथे आहे. तीन रोलच्या साध्या पिरॅमिड मशीनमध्ये खालचे दोन रोल जागेवर असतात आणि वरचा खाली येऊन दाबतो. प्लेटचं टोक खालच्या रोलवरून सुटलं की त्याला बाक बसत नाही. दोन्ही टोकांना खालच्या दोन रोलमधल्या अंतराच्या साधारण निम्मा भाग सपाट राहतो.

हिशोब करून बघा. खालच्या रोलमधलं अंतर ३०० मिमी असेल तर प्रत्येक टोकाला १५० मिमी, मिळून ३०० मिमी सपाट. हा भाग जादा ठेवून नंतर कापायचा म्हटलं तर १५०० मिमी रुंद, १० मिमी जाड प्लेटमध्ये एका शेलमागे सुमारे ३५ किलो स्टील भंगारात जातं. वर दोनदा कटिंग. न कापता तसाच सांधा जोडला तर तिथे टोक येतं. टाकीला ते खपून जाईल, पण प्रेशर व्हेसलमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास यांतला फरक १ टक्क्याच्या आत लागतो. १२०० मिमीच्या शेलला हे १२ मिमी झाले. इन्स्पेक्टरनं फर्मा लावला की माल परत.

यावरच मशीनचे प्रकार ठरतात:

१. तीन रोल, पिरॅमिड: स्वस्त, सोपं, दुरुस्ती गावात होते. टोकांना आधी प्रेसवर किंवा जाड वाकवलेल्या फर्म्याच्या आधाराने बाक द्यावा लागतो. मोठ्या व्यासाच्या टाक्या आणि डक्ट यांना पुरेसं.

२. तीन रोल, पिंच प्रकार: दोन रोल प्लेट चिमटीत धरतात, तिसरा बाजूने उचलतो. एका टोकाला बाक बसतो. दुसऱ्यासाठी प्लेट काढून फिरवून घालावी लागते. पातळ ते मध्यम कामाला चांगलं. जड प्लेट फिरवायला क्रेन हवी.

३. तीन रोल, सरकत्या खालच्या रोलचं: खालचे रोल आडवे सरकतात, प्लेट आडवीच ठेवून दोन्ही टोकांना बाक देता येतो. जाड कामाला हे उपयोगी.

४. चार रोल: मधले दोन प्लेट धरतात, बाजूचे दोन वाकवतात. प्लेट एकदाच घालायची, दोन्ही टोकं आणि गोलाई एकाच फेरीत. सपाट भाग उरतो तो जाडीच्या दुपटीच्या आसपास. महाग असतं, पण एकाच मापाचे शेल रोज करणाऱ्याचा वेळ आणि माणूस वाचतो.

लक्षात ठेवा, टोकांना बाक देण्याची क्षमता गोल करण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. कोटेशनमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. '१२ मिमी' हा आकडा नुसत्या रोलिंगचा निघाला तर टोकांचं दुखणं पुन्हा तुमच्याच गळ्यात.

मोठं मशीन म्हणजे सगळी कामं नव्हेत

'थोडं मोठंच घेऊ, पुढे उपयोगी पडेल' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. यात एक गोम आहे. भार आला की लांब रोल मधे लवतो, म्हणून तो मधोमध किंचित फुगीर घासलेला असतो. जाड प्लेट घातली की लवण आणि फुगवटा एकमेकांना खातात आणि शेल सरळ निघतो. त्याच मशीनमध्ये पातळ पत्रा घातला तर रोल लवतच नाही. फुगवट्यामुळे मधे जादा दाब बसतो आणि शेल मधे बारीक, कडेला मोठा निघतो. उलट क्षमतेबाहेरची प्लेट घातली तर शेल मधे ढोलासारखा फुगतो. शिवाय मोठ्या मशीनचा वरचा रोलही जाड, म्हणजे लहान व्यास हातचे गेले. पातळ आणि जाड अशी दोन्ही कामं भरपूर असतील तर पातळ पत्र्यासाठी छोटं वेगळं मशीन घ्या आणि मोठं जाड कामाला राखून ठेवा.

स्टेनलेस आणि कोन

३०४ स्टेनलेसची यील्ड स्ट्रेंग्थ कागदावर माइल्ड स्टीलपेक्षा कमी दिसते, पण वाकताना ते कडक होत जातं आणि उलगडतंही जास्त. त्याची क्षमता वेगळी विचारा. ज्या रोलवर काळी प्लेट चालते त्यावरच स्टेनलेस घातलं तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तिथे गंज धरतो. औषध किंवा दूध प्रकल्पाचं काम करणाऱ्यानं रोल पुसून, घासून घेण्याची शिस्त लावावी, जमलं तर वेगळं मशीन ठेवावं.

सायक्लोन, हॉपर अशी कामं असतील तर कोन रोल करावे लागतात. त्यासाठी रोल तिरका करण्याची सोय आणि लहान बाजूच्या कडेला टेकू हवा. लहान तोंडाचा व्यास किती चालतो ते वेगळं विचारा, तो सरळ शेलपेक्षा मोठा असतो.

जुनं मशीन घेताना

रंग बघू नका. रोलवर सरळपट्टी लावा, डायल गेज लावून रोल फिरवून घ्या, वाक लगेच कळतो. बुशमध्ये किती खेळ आहे ते पाहा. गिअरचे दात तपासा. रोल जिथे बेअरिंगमध्ये शिरतो तिथे तडा जाण्याची शक्यता असते. डाय पेनिट्रंट टेस्ट करून घेणं फार खर्चाचं नाही. शेल बाहेर काढायला वरच्या रोलचं एक टोक उघडतं, तो भाग सहज उघडतो-बसतो का, तेही पाहा.

नवं असो की जुनं, चाचणी आपल्या प्लेटवर घ्या. पूर्ण गोल शेल काढून दोन्ही कडांना आणि मधे व्यास मोजा. प्लेटची लांबी काढताना आतल्या व्यासात जाडी मिळवून ३.१४१६ ने गुणायचं. १२०० मिमी आतला व्यास आणि १० मिमी जाडी असेल तर ३८०१ मिमी.

हाताची किंमत मशीनपेक्षा मोठी

रोल हळू फिरतात म्हणून माणूस गाफील राहतो. प्लेट आणि रोल यांच्या फटीत बोट किंवा हातमोजा गेला की हात ओढला जातो, आणि मशीन थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मशीनभोवती फिरणारी आपत्कालीन दोरी, पाय उचलला की थांबणारं पेडल आणि दोन्ही बाजूंना लाल बटण हे आधीच मागा. रोलजवळ सैल हातमोजे, मफलर, लोंबती बाही नको. १५०० × ६३०० मापाची १० मिमी प्लेट सुमारे ७४२ किलो भरते. ती हाताने रेटायची वस्तू नव्हे. आपल्याकडे एकाच गाळ्यात मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारे कामगार असतात, तेव्हा सूचनेचा फलक तिन्ही भाषांत लावा.

दुसऱ्या राज्यातून मागवताना

पंजाबातलं बटाला आणि गुजरातमधलं राजकोट ही अशा मशीनची जुनी ठिकाणं. दुसऱ्या राज्यातून माल आला तर आयजीएसटी लागतो. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. राज्याबाहेरून येणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल हवं. वाहतूक, विमा, हायड्राने उतरवणं आणि जागेवर बसवून चालू करून देणं, यातलं काय भावात धरलंय ते लिहून घ्या. मेकॅनिक किती दिवसांत येणार, हेही. वीजजोडणीचा मंजूर भार पुरतो का, ते हेस्कॉम किंवा महावितरणकडे मशीन येण्याआधी विचारा. आणि सहा मीटरची प्लेट मशीनच्या दोन्ही बाजूंना मावते का, ते टेप धरून मोजा.

घ्यायचं, की जॉबवर्कच बरं?

वर्षभराचं जॉबवर्कचं बिल, टेम्पोभाडं आणि वाट बघण्यात गेलेले दिवस एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला हप्ता, ऑपरेटरचा पगार, वीज आणि जागा. पहिली बाजू जड असेल तरच मशीन घ्या. 'शेजारच्यानं घेतलं' हे कारण हप्ता भरत नाही.

घ्यायचं ठरलं तर ॲडव्हान्सआधी कोटेशनवर एवढं लिहून घ्या:

१. माल आणि यील्ड स्ट्रेंग्थ धरून रोलिंगची जाडी.
२. टोकांना बाक देण्याची जाडी, वेगळी.
३. दोन्हीसाठी लहानात लहान व्यास.
४. वरच्या आणि खालच्या रोलचा व्यास.
५. रोलचा माल (ईएन ८, ईएन १९ वगैरे), कडकपणा आणि त्याचं प्रमाणपत्र.
६. चाचणी आमच्या प्लेटवर, शेवटचं पेमेंट चाचणीनंतर.

यातलं काही लिहून द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर भाव कितीही कमी असला तरी दुसरं दार बघा.