पेटी कुठली?

आपल्या हिंगोली भागात कोणत्याही गावी सप्ताह बसला की देवळात वीणा, टाळ, मृदंग आणि बाजाची पेटी ही वाद्ये ठरलेलीच. पहिल्या तिघांचे कुळ कोणी विचारीत नाही. पेटीला मात्र तो प्रश्न नेहमी विचारला जातो. पेटी कुठली? कधी विचारणाऱ्याला सूर जर्मन की पालिताण्याचे, एवढेच हवे असते. कधी त्या प्रश्नाला धार असते, आणि हे वाद्य आपले की परक्याचे, असे त्याला म्हणायचे असते. या धारेपायी एका अफाट देशाच्या नभोवाणीवर ही पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, मुकी राहिली. तेव्हा प्रश्न क्षुल्लक नाही.

आधी साधा प्रश्न घेऊ. पेटीवर पुढे पितळी पाटी असते, तीवर एखाद्या पेढीचे नाव असते. ते विकणाऱ्याचे. करणारा तोच असेल असे नाही. पेटीचे लाकूड एका गावचे, भात्याचे कातडे दुसऱ्या गावचे, आणि ज्यावर तिचा जीव, त्या सुरांच्या पितळी जिभा तिसऱ्याच देशाच्या, असे पूर्वी सर्रास असे. पॅरिसच्या कासरिएल पेढीच्या पेट्या आणि जर्मनीचे ‘ज्युबिलेट’ सूर यांचा एके काळी फार बोलबाला होता. पुढे गुजरातेत पालिताणे येथे सूर घडविण्याचा धंदा रुजला, आणि आज देशातल्या असंख्य पेट्या त्या सुरांवर वाजतात. जाणकार कारागीर पेटी उघडतो, जिभेची घडण आणि ठसा पाहतो, आणि सूर कुठले ते सांगतो. त्याला इतिहासाचीही मदत होते. १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ या दोन युद्धकाळांत जर्मन माल आपल्याकडे येण्याचा मार्गच बंद होता. तथापि एवढ्यावर पेटीचे वय ठरवू जाल तर फसाल. कारण जुन्या पेटीतले चांगले सूर काढून नव्या पेटीत बसविण्याची रीत जुनी आहे. तेव्हा पेटी काल केलेली आणि सूर आजोबांच्या काळचे, असे होऊ शकते. अशा पेटीला कुठली म्हणावे?

हा घोळ आपल्याच वाट्याला आला आहे असे समजू नका. पाश्चात्त्य तरुणांचे आवडते वाद्य जे विजेचे गिटार, त्याच्या शौकिनांत हाच वाद चालतो. फेंडर ही मूळची कॅलिफोर्नियातील कंपनी. तिच्या नावाची गिटारे १९८२ पासून जपानात आणि पुढे मेक्सिकोतही होऊ लागली. नाव एकच, घाट एकच. म्हणून शौकीन मंडळी गिटारावरचा क्रमांक वाचतात. ‘जेव्ही’ने सुरू झाला तर जपानचे, ‘एमएन’ने सुरू झाला तर मेक्सिकोचे, आणि त्या अक्षरांवर किंमत ठरते. गंमत अशी की त्या जपानी गिटारांना काही जण स्वस्तातली नक्कल समजत, आणि आज त्यांसाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहे. असो.

आता धारेचा प्रश्न. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये घेतले, म्हणून हे वाद्य फ्रेंच ठरले. पण वाऱ्याने थरथरणाऱ्या मोकळ्या जिभेचे तत्त्व फ्रान्सचे नव्हे. चीनचे ‘शंग’ हे तोंडाने फुंकण्याचे वाद्य त्याच तत्त्वावर शतकानुशतके वाजत होते. पॅरिसची ती हार्मोनियम खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता मारीत, दोन्ही हातांनी वाजवायची. आपला गवई बैठकीवर बसणारा! कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये ‘द्वारकिन’ नावाची पेढी काढली आणि पुढच्या दशकात त्या वाद्याला हातपेटीचे रूप दिले. भाता मागे आला, डावा हात त्यावर गेला, वाजवायला उजवा हात तेवढा उरला. दोन हातांनी अनेक सूर एकत्र वाजविण्याची युरोपीय करामत तिथेच संपली आणि एका सुरामागून एक सूर जाणारी आपली चाल तीत आली. भजनात मांडतो ती पेटी या अर्थाने पॅरिसला कधी झालीच नाही.

नभोवाणीची बंदी मार्च १९४० मधली. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीवर आधीच कडक टीका केली होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही पेटीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री असलेले आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी बंदी उठविली नाही. या मंडळींचे आक्षेप दोन होते, आणि ते निरनिराळे ठेवायला हवेत. एक, पेटीचे बारा स्वर ठोकळ असतात, तीत मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे साधत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, आणि पेटीवाल्यांनीही तो नाकारू नये. दुसरा, ती विलायती आहे. हा मात्र मला मान्य नाही, कारण व्हायोलिन तितकेच विलायती. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले, आणि पेटीवर बंदी असतानाही ते त्याच नभोवाणीवर खुशाल वाजत होते. व्हायोलिनवर मींड निघते म्हणून ते चालले. म्हणजे हरकत खरी होती ती सुराची. जन्मगावाचे नाव तिला उगाच जोडले गेले.

याच वादात एक विलक्षण प्रकरण आपल्या महाराष्ट्रात घडले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचे गणित मांडून १९१० मध्ये पुस्तक काढले. त्या गणिताने सनदी नोकर अर्नेस्ट क्लेमेंट्स भारून गेले, आणि दोघांच्या खटपटीतून श्रुति-हार्मोनियम तयार झाली. ती बनविली कोणी? लंडनच्या मूर अँड मूर पेढीने! भारतीय श्रुतींसाठी मुद्दाम घडविलेली पेटी लंडनची, आणि श्रुती न देणारी साधी पेटी कलकत्त्याची. कोणती स्वदेशी, ते आपणच ठरवा. इकडे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी साध्या पेटीवरच अशी कीर्ती मिळविली की महाराष्ट्रात पेटीचे नाव निघाले की त्यांचे नाव निघे.

मग जन्मगावाला काहीच किंमत नाही काय? आहे, पण ती कारागिराच्या बाजूने. मिरजेत फरीदसाहेब शिकलगारांपासून सतारी व तंबोरे करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडचा माल मिरजेच्या नावावर खपू नये, हा त्याचा उपयोग. कारण तिथे कैक घरांची चूल त्या नावावर पेटते. त्या तंबोऱ्याचा भोपळाही मिरजेचा नसतो, तो पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. मिरजेचा असतो तो हात, आणि मानांकन त्या हाताचे आहे.

हा वाद आपल्या दारापर्यंत येतो तो नर्सीमुळे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ती आपल्या जिल्ह्यात पूज्य, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात असल्याने शिखांनाही पूज्य. नामदेवांच्या काळी पेटी नव्हती हे उघडच आहे; ते १३५० च्या सुमारास निवर्तले. अमृतसरच्या दरबार साहिबातल्या कीर्तनात पेटी विसाव्या शतकाच्या आरंभी आली. मे २०२२ मध्ये अकाल तख्ताचे तेव्हाचे जथेदार ज्ञानी हरप्रीत सिंग यांनी ती तीन वर्षांत क्रमाक्रमाने काढावी आणि रबाबासारखी जुनी तंतुवाद्ये परत आणावीत असे सांगितले. पेटी इंग्रजांच्या अमलात आली, हे कारण त्यात पुढे केले गेले. तंतुवाद्ये परत येत असतील तर आनंदच आहे, त्यांचा सूर फार गोड. त्यासाठी पेटीला परकी ठरविण्याची गरज नव्हती. नामदेवांची तीच पदे पंजाबात रबाबावर गायिली जातील, आणि आपल्याकडे सप्ताहात काळी चारच्या पट्टीत पेटीवर. ती पेटी कुठली, हे तिचा भाता शिवायला बसलेल्या कारागिराला विचारावे. त्याला ते बिनचूक सांगता येते.