अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे गलबत

नववीत असताना आपली सहल विजयदुर्गला गेली होती. किल्ला बहुतेकांना आठवत असेल. पण किल्ला पाहून झाल्यावर सर आपल्याला वाघोटण खाडीच्या काठाने गिर्ये गावाजवळच्या आरमारी गोदीकडे घेऊन गेले होते, ते किती जणांना आठवते? ओहोटी होती. खडकात खोदून काढलेली शंभर मीटरांहून लांब ती जागा चिखलाने भरली होती आणि दोघातिघांच्या चपला त्यात कायमच्या राहिल्या. आंग्र्यांची गलबते भरतीच्या पाण्याबरोबर इथे आत घेत आणि डागडुजी करून पुन्हा समुद्रात सोडत, असे सरांनी सांगितले. मग म्हणाले, "इथं उभं असलेलं गलबत कसं दिसत असेल, ते उद्या वहीत काढून आणा."

मी तीन डोलकाठ्यांचे, दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्यांची रांग असलेले झकास जहाज काढले. वर भगवा लावला. वही परत आली तेव्हा चित्राखाली लाल शाईत एकच शब्द होता, "कशावरून?" गुण नाहीत, शेरा नाही, काही नाही. मला राग आला होता, कारण चित्र सुरेख होते. ते एका इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातल्या चाच्यांच्या जहाजावरून काढले होते, हे मात्र मी सरांना सांगितले नाही.

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे "तुझ्या त्या लाकडी जहाजांवर" लेख मागितला. गेली वीस-बावीस वर्षे मी लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतो. सुरुवात झाली ती मुंबईत नोकरीला असताना, परदेशातून कोणी आणून दिलेल्या एका खोक्यापासून. त्यात नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाचे सुटे भाग होते. मधोमध एक कणा, त्यावर आडव्या बसवायच्या फळकुट्या आणि त्यांवर एकेक करून चिकटवायच्या दोन-तीन सूत रुंदीच्या पट्ट्या. पट्टी पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची, टाचण्यांनी धरून ठेवायची आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग दोऱ्यांचे काम, म्हणजे शिडांचे आणि डोलकाठ्यांचे. प्रत्येक दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर त्याची लव उभी राहते आणि त्या मापात ती काथ्यासारखी दिसते. चढायच्या दोरशिड्यांना शेकडो गाठी. हे जहाज पुरे व्हायला मला साडेतीन वर्षे लागली. घरच्यांनी त्या काळात जेवणाचे टेबल दिले, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो.

जहाज झाले आणि ते बघत बसलो असताना मला सरांचा तो शब्द आठवला. 'व्हिक्टरी'च्या बाबतीत उत्तर सोपे होते. जहाज १७६५ साली चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरले, आजही पोर्ट्समथला उभे आहे, त्याचे नकाशे आहेत. पण इंग्लंडमध्ये जी जहाजे केव्हाच बुडाली, जळाली किंवा मोडीत निघाली, त्यांच्याबद्दलही "कशावरून?" या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे लहान जहाजे.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमाराच्या गोदीत खऱ्या जहाजांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती होऊ लागल्या. माप बहुतेक ठरलेले, एका फुटाला पाव इंच, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा. पेअरसारख्या फळझाडांचे किंवा बॉक्सवुडचे बारीक पोताचे लाकूड वापरत आणि खालच्या अंगाला मुद्दाम फळ्या मारत नसत, त्यामुळे आतल्या बरगड्या एकूणएक मोजता येतात. या प्रतिकृती वरिष्ठांच्या मंजुरीसाठी करत, की बांधणाऱ्याच्या हौसेसाठी आणि बड्या लोकांच्या दिवाणखान्यासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. सॅम्युअल पेपिस १६६० साली आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आला तेव्हा त्याला जहाजातले फारसे काही कळत नव्हते. १६६२ च्या उन्हाळ्यात त्याने 'रॉयल चार्ल्स' जहाजावरच्या कूपर नावाच्या खलाशाला शिकवणीला बोलावले. गणित तर शिकलाच, शिवाय जहाजाची एक प्रतिकृती समोर ठेवून कुठल्या भागाला काय म्हणतात तेही शिकला. तिशीच्या आसपासचा सरकारी अधिकारी लाकडी खेळण्यासमोर बसून नावे पाठ करतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. पुढे त्याच माणसाने इंग्लंडच्या आरमाराचा कारभार शिस्तीला आणला.

या छंदाला दुसरी एक परंपरा आहे, ती तुरुंगातली. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले हजारो फ्रेंच खलाशी इंग्लंडात वर्षानुवर्षे कैदेत होते. नॉर्मन क्रॉसला, डार्टमूरला, जुन्या जहाजांच्या सांगाड्यांत. त्यांनी जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून, कातून, त्यांची जहाजे केली. फळ्या हाडाच्या, दोऱ्या रेशमाच्या, कधी केसांच्या. कैद्यांच्या बाजारात ती विकली जात आणि त्या पैशांतून तंबाखू, कपडे, थोडे बरे अन्न येई. मापाच्या दृष्टीने ही जहाजे विश्वासाची नाहीत. कैद्यापाशी नकाशा कुठला असणार? शिवाय घेणारा इंग्रज, म्हणून फ्रेंच हातांनी केलेल्या जहाजांना पुष्कळदा इंग्रजी नावे दिलेली असत. तरीही आठ-आठ, दहा-दहा वर्षे सुटकेची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हाताला ज्या कामाने धरून ठेवले, ते काम मला खोटे म्हणवत नाही. हेन्री हडलस्टन रॉजर्स या अमेरिकन धनिकाने गोळा केलेला दोन्ही प्रकारच्या जहाजांचा संग्रह १९३५ साली अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीला मिळाला आणि आजही तिथे आहे. साध्या हौशी माणसाला वाट दाखवणारी पुस्तके विसाव्या शतकात आली. चार्ल्स डेव्हिस यांचे १९२६ सालचे पुस्तक आजही लोक वापरतात. सुट्या भागांच्या खोक्यांचा धंदा त्यानंतर वाढला. असो.

नकाशा असणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींकडे ब्रिटिश आरमाराने एका लढाऊ जहाजाचे काम दिले. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला आणि नकाशेही गेले. लंडनहून दुसरी प्रत आली, १८१६ साली काम सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागाचे ते जहाज, 'त्रिंकोमाली', पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला डागडुजी होऊन उभे आहे. गंमत म्हणजे त्याचा आराखडाही मूळचा इंग्रजी नव्हे. १७८२ साली पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजाची मापे घेऊन तो बेतलेला होता. शत्रूचे चांगले जहाज हाती लागले की आधी त्याची मापे कागदावर उतरवायची, ही त्या लोकांची सवय.

आता आपल्या खाडीत येऊ. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. पेशवे त्या वेळी तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात इंग्रजांबरोबर होते. त्यावरून इतिहासाच्या तासाला आपल्या वर्गात दोन तट पडले होते, ते पुन्हा पाडत नाही. आंग्र्यांची गलबते किल्ल्याखाली एकमेकांना लागून उभी होती. त्यांतच आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेले 'रिस्टोरेशन' हे जहाज होते. त्यावर एक तोफगोळा पडला, आग लागली आणि एकातून दुसऱ्यात पसरत गेली. दुपारभरात आरमार संपले. या वेळी इंग्रजांना मापे घ्यायला काही उरलेच नाही. लंडनमध्ये डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने या लढाईचे मोठे तैलचित्र केले, तेही पंधरा वर्षांनी, १७७१ साली. त्यावरून बरगड्या मोजता येत नाहीत.

'व्हिक्टरी'नंतर आंग्र्यांचे गलबत करायचे असे मी ठरवले आणि वर्षभर नुसता शोधत राहिलो. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती जाऊन पाहिली. वल्ह्यांच्या रांगा सुंदर आहेत, पण ती कितीतरी आधीच्या काळातली. कागदपत्रांत गलबतांची नावे सापडतात, खर्च सापडतो, तोफा सापडतात. लांबी-रुंदीचा नकाशा किंवा त्या वेळी केलेली प्रतिकृती माझ्या पाहण्यात एकही आली नाही. सगळ्यात तपशीलवार वर्णन मिळाले ते रॉबर्ट ऑर्म याचे. हा कंपनीचा माणूस, मद्रासच्या कौन्सिलात होता, आणि त्याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ साली छापला गेला. आपल्या घराचा आराखडा घर जाळणाऱ्याच्या वहीत शोधावा, तसे वाटले. पण वही नीट ठेवलेली होती, हे कबूल केले पाहिजे.

ऑर्म सांगतो की गुराब रुंद आणि उथळ असे, मोठी तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची. तिची नाळ पुढे चोचीसारखी निघालेली असे आणि नाळेवरच्या तक्तपोशीला कठडा नसे, म्हणजे समोरून आलेली लाट वरून वाहून जाई. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची अगदी किरकोळ. मोठ्या काठीवर एकच तिकोनी शीड, आणि ते चढवले की त्याचे टोक काठीच्याही वर जाई. वजन कमी राहावे म्हणून वरची तक्तपोशी बहुधा चिरलेल्या बांबूंची. कडेला जंबुरे. चाळीस-पन्नास वल्ही, आणि वल्हवून ताशी चार मैल वेग.

लांबी तो देत नाही. मग मी वल्ह्यांवरून काढली. चाळीस वल्ही, म्हणजे एका अंगाला वीस. वल्हे ओढणाऱ्या माणसाला पुढे-मागे व्हायला तीन फूट तरी हवेत, म्हणजे झाले साठ. पुढची नाळ आणि मागची सुकाणूची जागा मिळून वीस धरले. ऐंशी फूट. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाने बरोबर वीस इंच. त्या मापात माणूस दीड इंचाहून थोडा कमी भरतो.

लाकूड सागाचे घेतले आणि फसलो. सागाच्या रेषा खऱ्या जहाजावर शोभतात, वीस इंचांत त्या नांगरलेल्या शेतासारख्या दिसतात. मग शिवण घेतली. पहिला सांगाडा जुलैच्या दमट हवेत पिळवटला आणि तीन फळ्यांनी जागा सोडली. दुसरा दिवाळीनंतर सुरू केला. बांबूची तक्तपोशी मात्र पहिल्या झटक्यात जमली, कारण बांबू चिरायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

अडले ते नाळेपाशी. चोच किती पुढे काढायची, किती उचलायची, हे ऑर्मच्या शब्दांवरून कळेना. तेव्हा आपल्याच वर्गातला एक जण, मागच्या बाकावरचा, मला त्याच्या काकांकडे घेऊन गेला. काकांनी उभी हयात मच्छीमारी होड्या बांधल्या. मी माझे कागद पसरले. त्यांनी ते पाहिलेही नाहीत. म्हणाले, "कागद कित्याक व्हयो? डोळे आसत मां!" मग अंगणात बसून त्यांनी काडीने वाळूत पठाणाची, म्हणजे तळाच्या कण्याची, रेघ ओढली, तिच्यावरून वर जाणारा नाळेचा बाक एका फटक्यात काढला आणि माझ्या सांगाड्याकडे बोट दाखवून म्हणाले की ही नाळ भरतीच्या लाटेत डोके खुपसेल. ती मी पाव इंच उचलली. बाक लगेच बरोबर दिसू लागला. का, ते मला आजही कागदावर मांडता येणार नाही. पुढच्या वेळी फीत आणि वही घेऊन जायचे ठरवले होते. पण मी तिकडे जाण्याआधीच काका गेले.

गलबत आता पुरे झाले आहे. चाळीस वल्ही मोजून घ्या, एक जास्तीचे करून ठेवले आहे, कारण कोणाचे तरी मूल एक मोडणार. मेळाव्याच्या दिवशी ते सभागृहात दाराजवळच्या टेबलावर असेल. शेजारी दोन रकान्यांचा एक कागद ठेवतो आहे. डावीकडे ऑर्मने लिहिलेले, उजवीकडे मी आणि काकांनी ठरवलेले: लांबी, रुंदी, नाळेचा बाक, सुकाणू, रंग. उजवा रकाना बराच मोठा झाला आहे.

सर येणार असल्याचे कळले. कागदाजवळ लाल शाईचे पेन ठेवले आहे.