श्वासाचें माप

दम लागतो म्हणून वैद्याकडे गेलें असतां तो आपणांस एका नळींत जोरानें फुंकावयास सांगतो. ह्या फुंकण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

जॉन हचिन्सन या लंडनमधील वैद्यानें १८४६ सालीं आपल्या श्वासमापक यंत्राचें विवेचन प्रसिद्ध केलें. पाण्यांत पालथें घातलेलें एक पात्र वजनांनीं तोलून धरलेलें असे. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि तो सगळा नळीवाटे त्या पात्रांत सोडावयाचा. पात्र जितकें वर चढेल तितकें श्वासाचें मान. खलाशी, पोलीस, निर्धन, सद्गृहस्थ अशा दोन हजारांवर लोकांचे श्वास त्यानें मोजले. उंचींत एक इंच वाढला कीं हें मान सुमारें ८ घनइंचांनीं वाढतें, असें त्यास आढळलें.

फ्रीमन नांवाचा जवळजवळ सात फूट उंचीचा एक अमेरिकन मुष्टियोद्धा १८४२ सालीं इंग्लंडांत आला. त्याचा श्वास ४३४ घनइंच भरला. दोन वर्षांनीं पुन्हां मोजला, तों तो पुष्कळच उतरलेला! १८४५ सालीं क्षयानें त्याचा अंत झाला. तो उतरलेला श्वासहि सामान्य माणसाहून अधिकच होता. त्यांतील तूट कळली ती त्याच्याच पूर्वीच्या मापाशीं ताडून पाहिल्यामुळें.

पुढें मात्र ही तुलना भलत्याच वाटेस लागली. बेंजामिन गूल्ड या अमेरिकन ज्योतिर्विदानें १८६९ सालीं तेथील यादवी युद्धांतल्या सैनिकांचीं मापें प्रसिद्ध केलीं. कृष्णवर्णीयांचा श्वास गोऱ्यांहून कमी भरला होता. त्यांतले कित्येक नुकतेच दास्यांतून सुटलेले. परंतु त्यांचें अन्न, वस्ती व कष्ट यांचा विचार न होतां ती तूट वंशाच्या माथीं मारली गेली. कालांतरानें यंत्राच्या हिशेबांतच वंशाप्रमाणें वजावट शिरली. आशियांतील लोकहि तींतून सुटले नाहींत. परिणाम असा कीं, ज्याच्या फुप्फुसास खरोखरच इजा पोंचली आहे, असा मनुष्यहि ‘आपल्या वंशाच्या मानानें ठीक’ ठरावा आणि उपचारांस मुकावा! अखेर २०२३ सालीं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें वंशनिरपेक्ष मानें वापरावीं अशी शिफारस केली.

यंत्रानें श्वास इमानानें मोजला होता. तो कोणाच्या श्वासाशीं ताडावयाचा, हें मात्र माणसांनीं ठरविलें. आणि ती चूक निस्तरावयास दीड शतकाहून अधिक काळ लागला.