बालगुन्हेगारांचे साक्षरता व अंकज्ञान शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या मुलास शिक्षा द्यावी की शिक्षण, हा प्रश्न भारतीय कायद्यापुढे ब्रिटिश काळापासून आहे. शिक्षण द्यावयाचे तर कोणते, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत निबंधात कायद्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

विषय विवेचन :
१८५० च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांबरोबरच किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांनाही कारागिराच्या हाताखाली देण्याची सोय केली. पुढे १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला व १८९७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. सुधारशाळेत काय असावे, याची यादी १८९७ च्या कायद्यात आढळते : रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, वस्त्र, अंथरूण, औद्योगिक प्रशिक्षण आणि आजारी मुलांसाठी जागा. या यादीत वाचन, लेखन व गणित नाही. शिवाय हा कायदा केवळ मुलांपुरता होता. मुलींचा त्यात विचार नव्हता.

यामागील धारणा स्पष्ट आहे. हाताला काम मिळाले की मूल सुधारेल, असे मानले गेले. परंतु माप वाचता न येणारा सुतार आणि मजुरीचा हिशेब न कळणारा कामगार परावलंबीच राहतो. स्वतःवरील आरोपाचा कागद वाचता न येणाऱ्या मुलाला तर अंगठा उठवण्यापलीकडे गत्यंतर नसते.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) प्रांतांत बालकांविषयी स्वतंत्र कायदे झाले. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहातील सोयींमध्ये व्यवसाय प्रशिक्षणाबरोबर शिक्षणाचाही स्पष्ट उल्लेख केला. २०१५ च्या कायद्याने पुनर्वसनात शिक्षणाचा समावेश करून ६ ते १४ वयोगटास २००९ चा शिक्षणहक्क कायदा लागू केला.

समारोप :
सारांश, 'हातास काम' पासून 'अक्षराचा हक्क' पर्यंतचा हा प्रवास दीड शतकाहून अधिक काळाचा आहे. तथापि बाल न्याय कायद्याची वयोमर्यादा १८ आहे, तर शिक्षणहक्काची हमी मुख्यतः १४ वर्षांपर्यंतची. शाळा अर्धवट सुटलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नेमका या फटीत सापडतो. त्याच्या हाती हत्यारांबरोबर पाटी-पेन्सिलही देणे, हे या इतिहासाचे अपुरे राहिलेले काम होय.