हिशेब आणि बोली

अर्थशास्त्राच्या जोडीला थाई भाषा व संस्कृती घेऊन विद्यापीठाचे प्रथम वर्ष आरंभिणाऱ्या विद्यार्थ्याविषयी ऐकले की पुष्कळांस नवल वाटते. पण ही सांगड जुनीच आहे. आपल्या भावी अधिकाऱ्यांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली इंग्लंडात विद्यालय काढले; पुढे ते हेलिबरी या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे खुद्द माल्थस अर्थशास्त्र शिकवीत, आणि त्यांचेच विद्यार्थी फारसी, हिंदुस्थानी या भाषांचेही पाठ घेत.

या जोडीची गरज किती, हे आम्हां रायपूरकरांस ठाऊक आहे. १८१८ नंतर भोसल्यांच्या छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून येथे आले. येथील गावाचा प्रमुख ‘गौंटिया’. जमिनीची बरी-वाईट प्रत पाहून ती शेतकऱ्यांत पुनःपुन्हा वाटून घेण्याची रीत म्हणजे ‘लाखाबाटा’. १८६० नंतरच्या जमाबंदीत गौंटियांस मालगुजार ठरवून गावाची मालकी देण्यात आली. कागदावर केवळ एक शब्द बदलला. गावाचे अर्थकारण मात्र मुळापासून पालटले.

परप्रांती कारभार करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनी एवढे ध्यानी धरावे: ज्या बोलीत आकडा जन्मतो ती कळल्यावाचून आकडा कळत नाही.