तळटीप ७ : साताऱ्याच्या कातळाचे वय

* ‘सहा-साडेसहा कोटी वर्षांचा कातळ’ : महाबळेश्वरपासून सांगलीकडच्या दंडोबाच्या डोंगरापर्यंत पसरलेला हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झाला. त्याचे वय किरणोत्सारावरून काढतात. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर साडेआठ हजार अणूंमागे साधारण एक पोटॅशियम-४० असतो. त्याचे केंद्रक अस्थिर असल्याने ते आपोआप पालटते. शंभरांतले सुमारे ८९ अणू कॅल्शियम-४० होतात, उरलेले अरगॉन-४०. नेमका कोणता अणू केव्हा पालटेल हे सांगता येत नाही. पण एकूण अणूंतले निम्मे पालटायला १२५ कोटी वर्षे लागतात. वितळलेल्या लाव्हातून अरगॉन वायू निसटून जातो. लाव्हा थिजल्यावर मात्र तो स्फटिकांत अडकून साठू लागतो. साठलेला अरगॉन आणि शिल्लक पोटॅशियम यांच्या गुणोत्तरावरून थिजल्यापासूनचा काळ निघतो.

आधुनिक पद्धतीत नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात. तिथे पोटॅशियम-३९च्या केंद्रकात न्यूट्रॉन शिरतो, प्रोटॉन बाहेर पडतो आणि अरगॉन-३९ तयार होतो. ही अणुकेंद्रीय अभिक्रिया घडवून आणावी लागते. किरणोत्सार कोणी न घडवता होत राहतो. मग अरगॉन-३९ हे पोटॅशियमचे माप धरून दोन्ही अरगॉन एकाच यंत्रात मोजता येतात. सह्याद्रीतला बहुतेक लाव्हा या मोजणीने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो; तेव्हा मूळ लेखकाचा अंदाज ग्राह्य आहे. किरणोत्साराच्या नावाने बिचकू नये: तासगावच्या बेदाण्यांतही पोटॅशियम-४० असते, आणि ते खाणाऱ्या धडधाकट माणसाच्या शरीरात दर सेकंदाला त्याचे चार हजारांहून अधिक अणू पालटत असतात. — संपा.